मामाजींचा जनरेटर

हसू नका, पण आमच्या कुरखेड्याच्या घरी कोणता फोनो प्रीअँप ठेवायचा, हे शेवटी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठरवलं.

रेकॉर्डच्या सुईतून येणारा आवाज फार बारीक असतो. तो मोठा करणाऱ्या दोन स्वस्तातल्या डब्या मी मागवल्या होत्या. एक ठेवायची, एक परत करायची. मामाजी म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांतले जुने पेटीवाले. हात थरथरायला लागले तेव्हापासून त्यांनी पेटीला बोट लावलं नव्हतं.

मी नाट्यगीतांची रेकॉर्ड लावली. पहिल्या डबीतून गाणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा ऐकू आला. मामाजी खिडकीतून धानाच्या बांध्यांकडे बघत बसले. दुसरी लावली, तर गाण्यामागं सारखं घूंऽऽ. मी बंद करायला उठले, तशी मामाजींनी हात वर केला.

"राहू दे बाई. जनरेटर सुरू झाला."

"जनरेटर नाई मामाजी, डबीच खराब आहे."

"मंडपामागं असाच वाजते. तो सुरू झाला का लाइट लागते, मग पडदा वर जाते."

डोळे मिटलेले. मांडीवर बोटं सूर शोधत होती, आणि थरथर कुठंच नव्हती. गाणं संपलं, घूं चालूच राहिलं.

"पेटी काढ," ते हळूच म्हणाले. "माह्याबिगर नांदी कशी होईन?"

पहिली डबी मी परत केली. फॉर्मवर कारण विचारलं होतं. मी लिहिलं, यात जनरेटर नाही.