रातच्या पाळीची हरणं

(मे महिन्याची अखेर, दुपारचे अडीच. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागेचं टोक. तारेपलीकडे सिमेंटचा हौद, त्यामागे जंगल. बागेची मालकीण कोकिळा; पाड्यावरून कामाला येणारा सिंगा.)

कोकिळा : अजून वाजवा, सिंगाभाऊ. ताटाले पोचे पडले तर पडू द्या, सासरचं हाये.

सिंगा : हात दुखाले लागला, अक्का. एक बी हालत नै.

कोकिळा : हालला ना. तो मोठा नर दोन पावलं सरकला.

सिंगा : सावलीसाठी सरकला.

कोकिळा : मेल्यांनो, पळा ना! आता आता होळीपर्यंत माझा पदर उडाला तरी नाल्यापार जायचे. आज मी बोंबलू राह्यली, तर कसे ऐकत उभे हायेत. जसं लग्नात आहेर कोणी काय दिला ते वाचून राह्यलं कोणी.

सिंगा : उन्हाळा सरता सरता असंच व्हतं. एरवी एक म्हातारी मादी पुढे येते, वारा हुंगते, पाय आपटते. मग बाकीचे. आता बघा. बठ्ठा कळप एकदम. पिल्लं पुढे. पहाऱ्याले कोनी नै. तहान वाढली ना, का भीती सुकते.

कोकिळा : आणि ते नर काहून एवढे ओरडतात सकाळपासून?

सिंगा : त्यासना माजाचा टाइम शे. शिंगं पक्की झाली. मादीशिवाय काही दिसत नै डोळ्याले. माणूस बी दिसत नै.

कोकिळा : बंदूक बी दिसत नसन.

सिंगा : नै दिसत. म्हणून तर ते शिकारी लोक आताच येतात. पंधरा दिवसांनी पाणी पडलं का डोंगरात डबकी भरतीन, कळप फुटीन. मग शोधत फिरा. आता शोधायचं कामच नै, एकच पाणी शे.

कोकिळा : माझं.

सिंगा : तुमचं.

कोकिळा : पुण्य करायले नव्हता बांधला हौद. ठिबकच्या नळ्या चावून पाणी प्यायचे मेले. दर आठवड्याले नळी जोडा, दर आठवड्याले नळी जोडा. म्हटलं नळीपेक्षा हौद परवडला. तीन वर्षांत एक नळी तुटली नाही.

सिंगा : हुशार जनावर शे. पाण्याच्या मोटारीचा आवाज वळखतं. दिवसाची लाईट असली का दिवसा येतात, रातची पाळी लागली का राती येतात.

कोकिळा : आमच्या ह्यांनी अजून ते वेळापत्रक पाठ केलं नाही, यांनी केलं.

सिंगा : आज राती बारापासून रातची लाईट शे ना?

कोकिळा : शे.

सिंगा : त्या लोकांना बी माहीत दिसतं. सकाळी आंब्याखाली मीठ सापडलं, पाटीभर. वर फांदीवर बसायले फळी बांधेल. दोरी नवी.

कोकिळा : मीठ मले वाटलं तुम्हीच टाकलं, चाटायसाठी.

सिंगा : माले भाकरीवर टाकायले पुरत नै, अक्का.

कोकिळा : फळी काढली?

सिंगा : काढली. जीपमधून बी मारतात. पण लाईटीचं त्यासले कोनी सांगितलं असन?

कोकिळा : थांबा, तो फॉरेस्टचा हितेंद्र साहेब फोन उचलते का पाहू. सकाळपासून चौथा. लागला! हॅलो, साहेब? सिंगाभाऊ बी हायेत, मोठ्यानं बोला.

हितेंद्र : मावशी, तुमचा मेसेज वाचला. पण मी वर आहे, डोंगरात. काल संध्याकाळपासून वणवा लागलाय. आम्ही सात माणसं आणि गाडी, सगळे इथेच. उद्या दुपारपर्यंत खाली उतरता येईल असं वाटत नाही.

कोकिळा : उद्या दुपारी येऊन काय करसान? पंचनामा?

हितेंद्र : ...हो, मावशी. तेवढंच होईल.

कोकिळा : खरं बोलला, बरं वाटलं.

हितेंद्र : पोलिसांना मी कळवलंय. ते म्हणाले, बघतो. आणि ऐका, तुम्ही दोघं रात्री तिथं थांबू नका. सिंगाभाऊ, तुम्ही तर अजिबात नाही. उद्या काही सापडलं, तर पहिलं नाव पाड्याचं येतं. तुम्हाला माहितीये.

सिंगा : माहीत शे, साहेब. मागच्या टाइमाले माझ्याच भाच्याले नेलं व्हतं. त्याच्या घरात गुलेर निघाली. चिमण्या हाकलायची.

हितेंद्र : आज हौद कोरडा ठेवता येईल का?

कोकिळा : तुमच्या जंगलातल्या पाणवठ्याले टँकर कधी?

हितेंद्र : आग विझली की.

कोकिळा : ठेवा फोन, साहेब. आणि पाणी पीत जा तिथं. आवाज पार बसला तुमचा.

सिंगा : चांगला पोरगा शे.

कोकिळा : चांगलाच हाये, म्हणून शिव्या बी देता येत नाहीत. सिंगाभाऊ, मी रातची मोटारच बंद ठेवली तर? एक रात तहानली तर केळी मरत नाही.

सिंगा : तुमची बंद. शेजारच्या जीवराम नानांची? त्यांच्या पुढच्या दोन बागांची? लाईट आली का बठ्ठ्या मोटारी एकदम वाजतात. तुमची कोनती, नानांची कोनती, एवढं त्यासले कळत नै. येतीन.

कोकिळा : येऊ द्या. हौद कोरडा पाहून जातीन परत.

सिंगा : परत नै जात. पुढे जातात. मागच्या साली नाल्यापलीकडचा हौद फुटला व्हता. तिसऱ्या दिवशी कळप डांबरीवर. चार गाडीखाली गेले. एकाले गावातल्या कुत्र्यांनी फाडलं. ते मीच पुरलं.

कोकिळा : म्हणजे भरला तरी मी मारते, नाही भरला तरी मीच मारते.

सिंगा : तुम्ही काहून माराल?

कोकिळा : तुम्ही मघा विचारलं ना, लाईटीचं कोणी सांगितलं. मी सांगितलं.

सिंगा : कोनाले?

कोकिळा : मंगळवारी दोघं आले. गळ्यात ह्या एवढाल्या दुर्बिणी. एक मले मावशी म्हणे, दुसरा पाया पडला. मी चहा टाकला, केळीचे वेफर दिले. म्हणे, हरणं कधी दिसतात? मी काय सांगू तुमाले, माझ्या पोरीच्या, डिंपलच्या साखरपुड्याचं बी इतक्या कौतुकानं नसन सांगितलं. म्हटलं, घड्याळ चुकीन पण माझी हरणं चुकायची नाहीत. रविवारपावतो दिवसा येतात, मंग रातची पाळी. तो लिहून घेत होता, सिंगाभाऊ. मले वाटलं, पेपरात छापीन.

सिंगा : फळीची दोरी बी त्यासचीच मंग.

कोकिळा : मंग तो दगड द्या इकडं. ताटाले भीत नाहीत ना? बसला म्हणजे समजीन. माणूस म्हणजे काय ते समजीन.

सिंगा : अक्का, ती पुढची मादी पोटुशी शे.

कोकिळा : दिसते मले. सरका.

सिंगा : ...लागला.

कोकिळा : कुठं?

सिंगा : मागच्या पायाले.

कोकिळा : पळाली?

सिंगा : पळाली. बठ्ठे पळाले.

कोकिळा : पळू द्या. नाल्यापार गेले का? मले ऊन डोळ्यावर येते, तुम्ही पाहा.

सिंगा : पळसापर्यंत गेले.

कोकिळा : अजून एक मारते.

सिंगा : नका मारू. उभे राह्यले तिथंच. इकडं तोंड करून.

कोकिळा : आता?

सिंगा : आता येऊ राह्यले.

कोकिळा : ती?

सिंगा : ती बी. लंगडते थोडी.

कोकिळा : हौदाचा कॉक कोणत्या बाजूनं फिरते हो हा? हात घसरू राह्यला माझा.

सिंगा : द्या इकडं. झाला सुरू. तुम्ही बसा सावलीत... अक्का, आज राती मी येतो. लांब बसीन, झाडावर. कोनी आलं तर कोल्ह्यासारखा ओरडीन, तेवढ्यानं उडाले तर...

कोकिळा : तुम्ही यायचं नाही. तुमचं नाव घेऊन कोणी माझ्या दारात यायले नको. ऐकलं?

सिंगा : ऐकलं.

कोकिळा : मंग शपथ घ्या पोराची.

सिंगा : अक्का, पण...

कोकिळा : हळू बोला, सिंगाभाऊ. पिऊ द्या त्याईले.