सुतकातला अल्बम

मी चौथी शिकली. ऱ्हस्व-दीर्घ चुकते, अक्षरही गिचमिड आहे, माफ करावं. आमचे हे नागपुरात जाझ बँडमध्ये ड्रम वाजवतात. ते बोलले तसं पोरीसाठी लिहून ठेवते.

आपण रामाकोना गावचे, तुले माहीत हाय पण लिही. पहिले मी पांढुर्ण्याच्या बँड पार्टीत ढोल बडवत होतो, वरातीत, बडवतच होतो, दुसरा शब्द नाही त्याले, मंग नागपूरच्या सॅक्सोफोनवाल्या सरांनी मले ऐकलं आन म्हणे चाल, जाझ शिकवतो. जाझ म्हणजे काय सांगू तुले, एक चाल धरायची, मंग जो तो आपल्या मनानं फिरून येते आन शेवटी सारे घरी वापस. आम्ही चौघं. सॅक्स, पियानो, बास आन मी. हॉटेलात लोक जेवत, आम्ही वाजवत. मंग सर म्हणे, आपला एक अल्बम झालाच पाहिजे. स्टुडिओ ठरला. पियानोवाला त्याच हप्त्यात कायमचा परदेशी चालला होता. आन माय गेली.

सुतकात वाद्याले हात लावत नाहीत. सर फोनवर म्हणे, तुझ्याबिगर नाही करत, राहू दे. राहू दे म्हणजे कधीच नाही, मले समजलं. मोठे काका म्हणे, मायची राख थंडी नाही झाली आन तुले बाजा सुचून राहिला का रे? मी ड्रमच्या काड्यांची थैली माळ्यावर टाकाले उचलली तर त्यातून ब्रश पडले, ते तारांचे झुपके, ड्रमवर घासायचे. काकांनी उलटे-सुलटे पाहिले. म्हणे, हे काय, झाडणी? म्हटलं, हो, नुसती फिरवतो. ठोकत नाही? नाही ठोकत. मंग काका बाबाकडे पाहून म्हणे, झाडलोट तर सुतकातही करा लागते. बाबा भिंतीले टेकून बसले होते, माय गेल्यापासून बोलले नव्हते. म्हणे, जाय. काडी नको लावू.

काड्या घरीच ठेवल्या. सरांनी माझं मुंडण पाहिलं आन सॅक्स उचलला. जलद चाली ब्रशवर जमेनात, तर म्हणे, हळू वाजवू. सारा अल्बम हळू झाला, बाप्पा, मायच्या चालीनं, तीही अशीच हळू चाले.

आता तो मोबाइलवर आला हाय. काल बाबाच्या कानाशी धरला. शेवटपर्यंत ऐकला त्यांनी. म्हणे, पण तू कुठं हाय याच्यात? तू तर वाजवलंच नाही.

म्हटलं, नाही बाबा. नाही वाजवलं.

बरं केलं, म्हणे. मंग म्हणे, पुन्हा लाव.