वीतभर उघडं दार आणि थंड देशातला स्क्रूड्रायव्हर

…नाही, पण मला एक सांगा, स्क्रू पिळायला माणसाला असं लागतं तरी काय? एक हात लागतो, एक स्क्रूड्रायव्हर लागतो आणि दोन मिनिटं तोंड बंद ठेवावं लागतं! आता आमच्या घरात हात भरपूर आहेत, स्क्रूड्रायव्हर तर विचारूच नका, पण ती तिसरी गोष्ट… तुम्हाला सांगते, ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. इथलीही नाही आणि बाहेरचीही नाही.

लग्न होऊन मला आता तीन महिने होत आले. "सूनबाई फार शांत आहे हो," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात. शांत कसली! बोलायला फट कुठे मिळते? एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, आणि मध्ये आमचे हे, ज्यांचं दोघांशीही छान पटतं, कारण ते दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणतात. घरात फट एकच होती. आमच्या खोलीच्या दाराला.

त्या दाराचं असं झालं होतं की वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले, म्हणून दार खाली झुकलेलं, म्हणून कडी आणि चौकटीतलं तिचं भोक यांची भेटच होत नाही, ती बघते जमिनीकडे आणि ते बघतं छताकडे, म्हणून दार कायम वीतभर उघडं. नव्या नवरा-बायकोच्या खोलीचं दार हो! वीतभर!

तर पहिल्याच आठवड्यात मी ह्यांना हळूच म्हटलं, "अहो, तेवढे तीन स्क्रू पिळून घ्या ना." हे लगेच उठले. मला वाटलं, किती गुणी नवरा! पण बाहेर गेले आणि चूक करून बसले. म्हणाले, "बाबा, स्क्रूड्रायव्हर कुठेय?"

झालं!

"कुठला?" सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

"कुठलाही."

"कुठलाही? अरे, कुठलाही म्हणजे काय? तो काय चमचा आहे?"

सासऱ्यांचा असा सिद्धांत आहे की हत्यार घ्यावं तर थंड देशातलं. का? तर थंड हवेत लोखंड सावकाश निवतं, त्याला विचार करायला वेळ मिळतो, म्हणून त्याला धार राहते! हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, हे ते डॉक्टरांनासुद्धा सांगतात. आणि अनुभव? आयुष्यभर विमा कंपनीत टेबलामागे बसले, स्क्रू म्हणून पिळला नाही. पण कपाटात बाहेरच्या पान्यांचा एक संच आहे, पंधरा वर्षांपूर्वीचा, अजून प्लास्टिकमध्ये. का, तर वापरला की खराब होईल!

इतक्यात काका आलेच आतून, दाढीचा साबण तसाच गालावर. "दादा, तुझ्या त्या थंड देशात दार बनवतात का रे आपल्यासाठी? इथलं लाकूड, इथला स्क्रू, त्याला हत्यारही इथलंच पाहिजे. त्यांना एकमेकांची सवय असते!" काका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठल्या देशाला काय जमतं हे ठरवायचा अधिकार आपला, असं त्यांचं मत. बाहेरच्या मालावर ते रोज एक लेख मोठ्यानं वाचून दाखवतात. ज्या फोनवरून वाचतात तो कुठून आला, हे विचारायची माझी काय बिशाद!

"बरोबर आहे," आमचे हे म्हणाले. दोघांनाही. आणि आत येऊन पलंगावर बसले.

"अहो, स्क्रू?"

"चर्चा चालू आहे," म्हणाले.

आणि आमचं दार? उघडंच!

मग दोघं भाऊ गेले हार्डवेअरच्या दुकानात, आणि मला बरोबर नेलं, कारण "दार तुमचं आहे, तुझी पसंती नको का?" माझी पसंती! दुकानदार म्हणजे चष्म्याच्या वरून बघणारा, मुरलेला माणूस. सासरे म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर दाखवा." तो म्हणाला, "इंपोर्टेड दाखवू की चालणारा दाखवू?" मला हसू आवरेना, मी गंजलेल्या खिळ्यांचा डबा बघायला लागले. सासऱ्यांनी विचारलं, "इंपोर्टेड म्हणजे देश कुठला?" तर त्यानं काय म्हणावं? "साहेब, तुमच्या मनात कुठला आहे?"

मग काका पुढे झाले. "आमचा शंभर टक्के इथलाच पाहिजे हां." दुकानदार म्हणाला, "काका, इतका इथला आहे की गंजसुद्धा इथलाच."

काकांनी तो घेतला, अभिमानानं. सासऱ्यांनी काहीच घेतलं नाही. "जो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो इंपोर्टेड कसला!" म्हणून त्यांनी घरी येऊन सरळ बाहेरून मागवला. आणि येईस्तोवर स्क्रूला कुणी हात लावायचा नाही, असं फर्मान काढलं. काका आपला पेचकस घेऊन दारापाशी आले की सासरे आडवे. "एकदा चुकीच्या हत्यारानं डोकं घासलं की स्क्रू कायमचा गेला, समजलं?" काका म्हणायचे, "डोकं घासायला आधी असावं लागतं!" मग दोन दिवस अबोला. मग पुन्हा चर्चा.

यायला किती दिवस लागले? साडेसात आठवडे! तुम्हाला सांगते, साडेसात आठवड्यांत माणूस नवीन भाषा शिकतो. आम्ही खाणाखुणांची शिकलो.

कारण बोलायची सोयच नाही! एकदा, एकदाच, ह्यांना काय वाटलं कोण जाणे, केसांत बोटं फिरवत अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा रंग तुला फार शोभतो गं." माझे कान गरम झाले. आणि बाहेरून काकांचा आवाज, "कुठला रंग?" त्यावर सासरे, "निळा असणार. सकाळी निळी होती." त्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून, "निळी नाही, मोरपंखी!"

त्यानंतर हे पंधरा दिवस काही बोलले नाहीत. शोभण्याचं सोडाच, मीठ कमी आहे हेसुद्धा बोटानं दाखवायचे.

आम्ही काय उपाय केले नाहीत? दाराला खुर्ची लावली. सासऱ्यांनी काढली, फरशीला ओरखडे पडतात म्हणून. वर्तमानपत्राची घडी खाली खुपसली. काकांनी ओढून काढली, त्यात त्यांचं कोडं अर्धं राहिलं होतं. आणि कधीही कुणीही आत! "दार उघडं दिसलं म्हणून आलो." अहो, ते दिसणारच! ते उघडंच आहे!

शेवटी एका सकाळी ती पेटी आली. सासऱ्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, सगळ्यांना बोलावलं. पेटीत पेटी, तिच्यात फोम, फोमवर तेलकट कागद, कागदात तो. खरं सांगते, दिसायला देखणा हो! काळी-पिवळी मूठ, चकचकीत पातं. बरोबर अकरा भाषांतलं माहितीपत्रक, त्यात आपली एकही नाही. सासरे चित्रं वाचत होते. "बघ, हा माणूस उभा कसा आहे बघ," ह्यांना म्हणाले, "पाठ ताठ! आपल्याकडे कोण उभं राहतं असं?"

मग पाठ ताठ करून ते स्टुलावर चढले, टोक स्क्रूवर टेकवलं… आणि ते बसेचना. कारण तो फुलीचा, आणि आमचे स्क्रू एका रेघेचे! साडेसात आठवडे थांबून आलेला स्क्रूड्रायव्हर, आणि त्याला आमच्या स्क्रूत शिरायला जागाच नाही!

मला वाटलं, आता बिचारे ओशाळतील. छे! स्टुलावरूनच म्हणाले, "स्क्रू चुकीचे आहेत."

काकांना तर आनंदानं बोलता येईना. "उतर दादा, उतर," म्हणत ते चढले, आपला पेचकस लावला, जोर केला, आणि मूठ काकांच्या हातात, पातं स्क्रूत उभं! हळूहळू तेही कलंडलं आणि खाली पडलं. काकांनी मुठीकडे बघितलं, पात्याकडे बघितलं. म्हणाले, "मूठ निघते ती सोय आहे. धुवायला."

"बरोबर आहे," आमचे हे म्हणाले.

दुपारी दोघं भाऊ दोन दिशांना दोन दुकानांत गेले, सासरे फुलीचे स्क्रू आणायला, काका मूठ बदलून आणायला, आणि हे ऑफिसला. मी दारापाशी उभी राहिले आणि बघता बघता मला रडूच आलं. लाज वाटली मला. तीन स्क्रूंसाठी रडतं का कुणी? पण मी स्क्रूंसाठी रडत नव्हते. अडीच महिन्यांत मी माझ्या नवऱ्याशी एक अख्खं वाक्य बोलले नव्हते, आणि आता मला भीती वाटायला लागली होती की आम्हाला ही सवयच होऊन जाईल.

मागून सासूबाई आल्या. त्यांनी शिलाई मशीनचा खण उघडला, दोऱ्याच्या रिळांखालून एक बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, मशीनबरोबर येतो ना, तो, आणि म्हणाल्या, "काडेपेटी आण."

स्टुलावर त्या चढल्या, मी दार उचलून धरलं. त्यांनी ढिला स्क्रू बोटांनीच काढला, आतलं भोक मला दाखवलं. "बघ, भोक मोठं झालंय. यात बाहेरचा लाव नाहीतर इथला लाव, स्क्रू धरणार कशाला?" भोकात दोन-दोन काड्या खुपसल्या, वरची गुलं मोडून टाकली, स्क्रू परत बसवले. कट्ट! कडी लागली. चार मिनिटं!

"आई, हे तुम्हाला येतं?"

"घरातलं काय मोडलेलं तुला दिसतंय?" त्या म्हणाल्या. "पंख्याचं बटण, टेबलाचा पाय, ह्यांच्या खुर्चीची चाकं… तीस वर्षं या एकाच स्क्रूड्रायव्हरवर चाललंय."

मी तो उलटसुलट करून बघितला. कुठल्या देशाचा, कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि तीस वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं! विचारणार कसे? त्यांच्या लेखी हत्यार पेटीत असतं, दोऱ्याच्या रिळांखाली थोडंच असतं?

"मग सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं की शिकवायला येतात."

"आणि आमच्या दाराला अडीच महिने का थांबलात?"

सासूबाई स्टूल उचलता उचलता थांबल्या. "मला वाटलं, माझा लेक करेल," म्हणाल्या.

आता यावर मी काय बोलणार? शांत आहे ना मी!

संध्याकाळी सासऱ्यांनी दार ढकललं, ते लागलं. त्यांनी उघडलं, परत लावलं. "बघितलंस?" काकांना म्हणाले, "सकाळी नुसतं टोक टेकवलं होतं. थंड देशातलं पोलाद! परिणाम सावकाश होतो, पण होतो." काका म्हणाले, "टेकवून? अरे, जोर मी दिला होता! मूठ निघेपर्यंत!" मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"बरोबर आहे," आमचे हे म्हणाले.

तर तुम्हाला वाटेल, सुटलीस बाई एकदाची. मलाही वाटलं होतं, चांगला अर्धा तास! मग सासऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढं चांगलं हत्यार, त्याला दमट हवा लागता कामा नये, धूळ लागता कामा नये, आणि अख्ख्या घरात दार कायम लावून ठेवलेली खोली आता एकच! त्यांची पेटी आली आमच्या कपाटावर. पंधरा वर्षांचा प्लास्टिकमधला संच आला पलंगाखाली. मग काका कसे मागे राहतील? त्यांनी इथल्याच हत्यारांची नवी कोरी पत्र्याची पेटी आणली आणि ठेवली खिडकीत, बाहेरच्या पेटीच्या बरोब्बर समोर.

आता रोज संध्याकाळी दोघं भाऊ आमच्या पलंगावर बसतात, हत्यारं काढतात, तेलाच्या फडक्यानं पुसतात, कुणाचं पोलाद जास्त चमकतं ते बघतात, परत ठेवतात. हे आणि मी बैठकीत, खाणाखुणा करत. काल मला आतून टॉवेल हवा होता, म्हणून मी आपली टकटक केली. केली म्हणजे काय, तीनदा केली! तर आतून सासऱ्यांनी काय म्हणावं? "कोण आहे? जरा थांब गं, दार लावलेलं दिसत नाही का?"

दिसतं हो, बाबा. छान लागतं. मी रोज बघते… बाहेरून.