टेरेसाच्या नावाची गोळी

नाव कॅथरीन निकोलस डाबरे, वय २२ वर्षं, शिक्षण मराठी चौथी, धंदा घरकाम, राहणार माहूज, हाशिम बाबांच्या घरामागची खोली, मनामा. मूळ राहणार तालुका वसई, जिल्हा ठाणे.

मी आज रविवार, ता. १८ नोव्हेंबर १९८४ रोजी सकाळी दहा वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात आले. मला कोणी पाठवलेलं नाही. मला मराठी येते आणि कामापुरती हिंदी, म्हणून साहेबांनी बँकेतले दत्तप्रसाद साहेब दुभाषी म्हणून बसवले आहेत. मी बोलते ते ते मराठीत लिहितात, मग त्याचं अरबी होणार आहे. माझी मुलगी टेरेसा, वय आठ महिने, माझ्या मांडीवर आहे. साहेबांसमोर सांगते की :

शुक्रवारी सकाळी पोलिसांना आमच्या खोलीत कोकोच्या डब्यात शिशाच्या अकरा गोळ्या मिळाल्या. बारावी गोळी आदल्या दिवशी विमानतळावर माझ्या ओळखीच्या डॉलीच्या बॅगेत मिळाली होती. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे. या बाराही गोळ्या मी केल्या. माझा नवरा निकोलस याने केल्या नाहीत. "माझ्या आहेत" असं तो पोलिसांना बोलला ते खोटं आहे. तेव्हा तो मला आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "तू गप रा. पोर सांभाळ." त्याला त्या डब्यात काय आहे तेही माहीत नव्हतं.

मी ८३ च्या फेब्रुवारीत बहरीनला आले. माझा व्हिसा हाशिम बाबांच्या घरचा आहे. मी त्यांची बायको खदिजा आजी यांच्या हाताखाली काम करते. निकोलस झल्लाकला हॉटेलात एसीचं काम करतो, तिथेच राहतो आणि सुट्टीला खोलीवर येतो.

हाशिम बाबांच्या बसायच्या खोलीत भिंतीवर त्यांच्या आजोबांची बंदूक आहे. ठासणीची आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी ठासायची. हिवाळ्यात मुलांबरोबर पलीकडे सौदीला शिकारीला जायचं आणि ही बंदूक न्यायची, असं बाबांच्या मनात होतं. ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी बाब अल बहरीनच्या बाजारातून आणलेल्या गोळ्या ताटलीत मांडल्या होत्या. काही बेअरिंगच्या, लोखंडाच्या, चकचकीत. चार-पाच शिशाच्या, लांबट, टोकदार. बाबा येईल त्याला दाखवत होते. मलाही विचारलं, "कॅथरीन, हादा जेन?" म्हणजे, हे चांगलं आहे का?

मी म्हटलं, "बाबा, मफी जेन, अच्छा नहीं. ये लोहा है. नली खराब करेगा. फटेगा तो आपका मुँह जाएगा."

खदिजा आजी हसल्या. म्हणाल्या, "चायवाली बंदूक सिखाती है!"

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "तुमको कौन बोला?"

मी म्हटलं, "मेरा बाप."

माझे वडील ग्रेगरी. आमची वाडी डोंगराखाली आहे, केळी आणि भाजी. रानडुकरं उतरतात म्हणून वडिलांना ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. आई मी सात वर्षांची असताना वारली. तेव्हापासून चुलीपाशी शिसं वितळवताना पळी मीच धरायची. बापूस म्हणायचा, गोळी आधी जनावराला विचारायची, मग नळीला, आपल्या हौसेला कधीच नाही. ससा असेल तर बारीक छरे. डुकराला एकच गोळी. डुकरावर छरे मारले तर ते पडत नाही, जखम घेऊन रानात फिरत राहतं, आणि मग ते शोधायला आपल्याला रात्रभर फिरावं लागतं.

इथे दुभाषी साहेब म्हणाले, "बाई, एवढं सांगायची गरज नाही." मी म्हटलं, लिहा. हे निकोलसला माहीत नाही, मला माहीत आहे, म्हणूनच सांगते.

मी बाबांना विचारलं, कुठलं जनावर? त्यांनी डोक्यावर दोन बोटं उभी धरली. हरीण. म्हणजे छरे नकोत, एकच गोळी. मग मी गोळी ठासायच्या गजाला चिंधी गुंडाळून तो नळीत सारला. नळीला आतून मळसूत्रासारखे आटे आहेत. गज हातात फिरला, पण हळू, अर्धा वेढासुद्धा झाला नाही. आटे सैल असले की लांबट गोळी वाकडीतिकडी जाते, गोल गोळीच सरळ जाते. ती नळीपेक्षा कणभर लहान हवी आणि चरबी लावलेल्या सुती चिंधीत बसवायला हवी. शिसं मऊ हवं. हे मी बाबांना मोडक्या हिंदीत सांगितलं. बाबांनी सगळ्या बेअरिंग खिडकीतून बाहेर टाकल्या.

मी विचारलं, बंदुकीचा साचा कुठे आहे? त्यांना कळेना. मी हाताने दाखवलं, सांडशीसारखा, पुढे वाटी असलेला. तेव्हा बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि खदिजा आजी जिने बदाम फोडतात ती सांडशी घेऊन आले. तोच साचा होता. आजी म्हणाल्या, "तीस साल से मैं बादाम तोड़ती हूँ, अब बोलते हो बंदूक का है!" बदाम फोडून त्याची एक कड मोडली आहे. म्हणून माझ्या प्रत्येक गोळीवर एका बाजूला नखाएवढी रेघ उठते. साहेबांनी गोळ्या बघाव्यात आणि साचा आजींकडून मागवावा. आजी घरीच आहेत.

गोळ्या मी गुरुवार, ता. १ नोव्हेंबरला दुपारी अंगणात केल्या. टेरेसा खोलीत झोपली होती. बाबांनी मासे धरायच्या जुन्या जाळ्याची शिशाची वजनं दिली होती. शिसं वितळल्यावर मळ वर यावा म्हणून त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकतात, तसा मी टाकला. धूर आला. तो वास आला तेव्हा मी बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. शिसं थिजलं, परत तापवावं लागलं. मग बारा गोळ्या चांगल्या आल्या, बाकीच्या मी पुन्हा वितळवल्या. हात राखेने धुतले, मगच मुलीला घेतलं. त्या दिवशी निकोलस झल्लाकला शिफ्टवर होता. हॉटेलच्या हजेरीत बघावं.

घरात नातवंडं खेळतात म्हणून बाबा म्हणाले, गोळ्या तुझ्याकडे ठेव, मी येईपर्यंत. ता. ५ ला ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले. ते अजून तिथेच आहेत. माझ्या घरापासून दोन तासांवर.

क्रुसाच्या गोळीबद्दल साहेबांनी तीनदा विचारलं की ही कसली खूण, तुम्ही कोणाची माणसं. कोणाची नाहीत. आमच्या घरात मूल झालं की त्याच्या नावाची एक गोळी ओततात. सुईने तिच्यावर क्रूस काढतात आणि देव्हाऱ्यापाशी पितळी वाटीत ठेवतात. ती बंदुकीत कधी भरायची नसते. माझी आहे, माझ्या आत्यांच्या आहेत, आईची लग्नानंतर ओतली तीही आहे. टेरेसा इथे झाली. तिची कोणी ओतली नाही. वडिलांनी तिला पाहिलेलं नाही. मला पत्र लिहायला नीट जमत नाही आणि वडिलांना वाचायला येत नाही. पण हातात गोळी घेतली की कोणी ओतली, शिसं तापलं होतं का, हात थरथरला का, हे त्यांना कळतं. म्हणून पहिली गोळी टेरेसाच्या नावाची केली.

डॉली आमच्या शेजारच्या गावची, इथे नर्स आहे. ता. १५ ला ती रजेवर निघाली होती. मी तिच्याजवळ वडिलांसाठी खजुराचं पाकीट दिलं. गोळी खजुराच्या मध्ये घातली होती. डॉलीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने नेली नसती. विमानतळावर गोळी मिळाली, तिचं विमान चुकलं. काल तिला सोडलं तेव्हा ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "खजुरात गोळी घालतेस? अक्कल गहाण ठेवलीस काय गं? माझा भाऊ तिथे सांताक्रूझला रात्रभर उभा होता!" मी तिची माफी मागितली. इथेही मागते. तिचा काही दोष नाही.

साहेबांनी सांगितलं की निकोलसने जबाबात, गाडीच्या जुन्या बॅटरीचं शिसं वापरलं, असं लिहून दिलं आहे. ते त्याने अंदाजाने सांगितलं. बॅटरीचं शिसं कडक असतं. मी साहेबांना म्हटलं, टेबलावरची कुठलीही गोळी उचला आणि अंगठ्याचं नख ओढा. साहेबांनी ओढलं. चरा उठला. दुसरी घेतली, तिच्यावरही उठला. बॅटरीच्या गोळीवर नख चालत नाही. मग साहेबांनी क्रुसाची उचलली. मी म्हटलं, तिच्यावर नको. त्यांनी ती खाली ठेवली.

साहेबांनी विचारलं की खदिजा आजींनी सांगितलंय, तू दोन वर्षं घरी जायचं म्हणून रडतेस. गुन्हा अंगावर घेतलास तर तुला परत पाठवतील म्हणून सांगतेस काय? यावर माझं उत्तर असं की मला घरी जावंसं वाटतं. रोज वाटतं. आताही वाटतं. पण निकोलसला इथे कोठडीत ठेवून, पोर एकटीने घेऊन त्या विमानात बसायला मी तयार नाही. पाठवायचं असेल तर तिघांना पाठवा. ठेवायचं असेल तर तिघांना ठेवा. मला याशिवाय दुसरं मागता येत नाही.

एक विनंती आहे. अकरा गोळ्या सरकारने ठेवून घ्याव्यात. हाशिम बाबा आले की त्यांना मी दुसऱ्या करून देईन, नाहीतर देणार नाही, साहेब म्हणतील तसं. बारावी मला परत नको. ती वडिलांची आहे. ती पाठवता येत नसेल तर कोणीतरी माझ्या वडिलांना एवढं कळवावं की मुलीच्या नावाची ओतली आहे, वाटीत जागा ठेवा.

लिहिलेलं सगळं दत्तप्रसाद साहेबांनी मला माझ्या भाषेत दोनदा वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे, यात कोणाचा शब्द घातलेला नाही आणि माझा गाळलेला नाही. मला माझं नाव लिहिता येतं, ते मी खाली लिहिलं आहे. निकोलस आत आहे, त्यालाही हे वाचून दाखवावं.

कॅथरीन

समक्ष : दत्तप्रसाद, दुभाषी
वेळ दुपारी १२.४०