मागच्या खोलीतली रेंज

बँकेच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होती आणि तिच्या पुढे खांद्यावर वायरचं वेटोळं अडकवलेला एक माणूस.

“दादा, आमच्या मागच्या खोलीत वायफाय बसवून गेलात ते तुम्हीच ना?”

“हो हो, ताई! कपाटातला जुना राउटर जोडला होता. चालतोय ना?”

“छान चालतोय. मी नवा घ्यायला निघाले होते, तुम्हीच अडवलंत.”

“पुढच्या खोलीतल्या राउटरपासून वायर ओढली की भागतं. कारभार पुढच्याकडेच ठेवला, मागचा नुसती रेंज देतो. घरात दोन कारभारी झाले की भांडणं.”

“सासूबाई त्या खोलीतून उठू शकत नाहीत. ऐकूही येत नाही, ओठांवरून ओळखतात. नणंद परदेशात, रोज व्हिडिओ कॉल करते.”

“आणि चित्र अडकायचं.”

“हो ना! मग त्या नुसती मान हलवायच्या. विचारलं एक, तर उत्तर भलतंच. आम्हाला वाटलं, वयानं भ्रम होतोय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती.”

“अरेरे.”

“तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी नणंद म्हणाली, आई, सगळं ठीक आहे. सासूबाई म्हणाल्या, मग ओठ का थरथरतायत तुझे?”

“मग?”

“मग मायलेकी तासभर बोलल्या. डॉक्टरांची वेळ मी रद्द केली, दादा.”

“मी फक्त वायर ओढली हो.”

“सासूबाई तुमची आठवण काढतात. तुम्ही त्यांच्याकडे तोंड करून बोललात म्हणे. मी म्हटलं, बिघाड झाला की येतील. तर म्हणाल्या, काही बिघडलं नाही तरी बोलाव त्याला.”