खिळ्यावरची माळ

माझं गाव विचारलंत तर हेच, ठाणं, खाडीकाठचा कोळीवाडा. लोक सुट्टीत गावाला जातात, आम्ही कुठं जाणार, आम्ही गावातच. बाप खाडीत जाळं टाकायचा. तेव्हा खाडीत मासळी होती बरं का, नंतर कारखान्यांचं पाणी आलं आणि जाळ्यात कचराच जास्त यायला लागला. पण मी सांगत होते बापाचं. दोघंतिघं मिळून होडी न्यायचे आणि परत आले की मासळीचे वाटे पडायचे, आणि रीत अशी की ज्यानं वाटे घातले त्यानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. म्हणजे हात आपोआप सरळ चालतो. ही रीत ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

चौथीपर्यंत शिकले मी. लग्न वाड्यातच झालं, नवरा रेतीच्या होडीवर, चार चार दिवस घरी नाही. घरात मी, सासू आणि माझी नंदा, एकच मुलगी. त्याच्या कमाईवर भागंना म्हणून नौपाड्यातल्या वाचनालयात झाडलोटीला लागले. जागा मोठी नव्हती, एक दालन, दोन लांब बाकं, काठ्यांना लावलेले पेपर. पेपर लावायचे, पाणी भरायचं, कुलूप लावायचं, आणि फळा पुसायचा. फळा बाहेर, रस्त्याच्या भिंतीला. आधी त्यावर सुविचार असायचा. सुविचार कोण वाचतंय हो, माणसं त्याच्याखाली छत्री झटकायची.

मग एकदा वैशंपायन बुवांनी, हे कीर्तनकार, वयस्कर माणूस, उजवा हात सारखा थरथरायचा, त्यांनी सुविचाराच्या जागी लिहिलं की देव आहे याचा पुरावा काय तर आईची माया. दुसऱ्या दिवशी खाली सावंत मास्तरांनी लिहिलं, मांजरीलाही पिल्लांची माया असते, ती कोणत्या देवळात जाते? मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, देवबिव काही मानायचे नाहीत, पण अक्षर असं की छापल्यासारखं. झालं. बुवांनी उत्तर लिहिलं, मास्तरांनी त्याला उत्तर लिहिलं, आणि काय सांगू तुम्हाला, संध्याकाळी भाजी आणायला निघालेली माणसं पिशव्या घेऊन फळ्यासमोर उभी. रिक्षावाले रिक्षा थांबवून वाचायचे. मग भांडणंही आली. मास्तर जास्त जागा घेतात, बुवांचं वर असतं म्हणून लोक तेच वाचतात, असं दोन्हीकडून. वाचनालयाचे चिटणीस वैतागले, म्हणाले हिराबाई, तुम्हीच बघा काय ते, नाहीतर मी फळाच उतरवतो.

मी काय बघणार? मला बापाचे वाटे आठवले. जाळ्याचं सूत आणलं, खडूत घोळलं, फळ्यावर वरून खाली ताणलं आणि टिचकी मारली, बरोबर मधोमध रेघ उठली. म्हटलं दोघांच्या सात सात ओळी, आठवी ओळ लिहिली तर मी पुसणार. आणि या आठवड्यात बुवांनी बाजू निवडायची, पुढच्या आठवड्यात मास्तरांनी. रेघ मारणारीला बाजू नाही. मास्तर हसले, म्हणाले हिराबाई, तुम्ही न्यायाधीश व्हायला हवं होतं. मला लाज वाटली पण आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण रेघ मारणारीला बाजू नाही हे बोलायला सोपं. मी एकवीरा आईची भक्त, दर साली कार्ल्याला जाणारी, आमच्या घरात देवीला विचारल्याशिवाय होडीला रंग लागत नाही. मास्तरांचं वाचून कधी कधी तळपायाची आग मस्तकाला जायची. पण पुसलं नाही. एकदाच पुसलं, आणि तेच तुम्हाला सांगायचंय.

त्या उन्हाळ्यात पाणी घाण यायचं, नळाखाली फडकं लावलं तर फडकं पिवळं. वाड्यात घरोघर कावीळ. नंदा तेव्हा आठ वर्षांची, तिचे डोळे हळदीसारखे झाले. सासूनं भगताला बोलावलं, त्यानं काविळीची माळ बांधली. तुम्हाला ठाऊक असंल, कसल्याशा ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधतात आणि मंत्र टाकतात. बांधताना ती डोक्यात अडकंल एवढीच असते, मग दिवसागणिक वाढत वाढत खाली येते, आणि जशी खाली येते तशी कावीळ उतरते. आणि वाढत होती हो! पहिल्या दिवशी कानापाशी, मग गळ्यात, मग छातीवर. सासू बोटांनी मोजायची आणि म्हणायची बघ गो हिरे, उतरतंय. पोर मात्र जेवत नव्हती. पण माळ वाढत होती ना, मग मी काय समजायचं?

आणि नेमकं तेव्हाच मास्तरांनी फळ्याशेजारी एक खिळा ठोकला आणि त्या खिळ्याला तसलीच माळ अडकवली. कुठल्या तरी भगताकडून करून आणलेली. भिंतीवर तिच्या टोकाशी खडूनं खूण केली. दुसऱ्या दिवशी माळ खुणेच्या चार बोटं खाली. मास्तरांनी आपल्या बाजूला लिहिलं, या खिळ्याला कावीळ झाली आहे काय? काड्या सुकतात, आक्रसतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते. पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरकडे जा, माळ मोजत बसू नका. शब्दन् शब्द अजून पाठ आहे मला.

लोक खिळ्याकडे बोट दाखवून हसत होते. माझी पोर घरी तसलीच माळ घालून निजलेली आणि इथं लोक हसतायत. मला असं झालं की हे मलाच बोलतायत, माझ्या पोरीला बोलतायत. आणि भीती काय सांगू, वाटलं मी हे असंच राहू दिलं तर माळेची शक्तीच जाईल, माझ्याच हातानं जाईल. वाचनालयात दुपारी कोणी नसतं. ओलं फडकं घेतलं, मास्तरांच्या सात ओळी पुसल्या, माळ ओढून काढली आणि पदराखाली घातली. चिटणिसांनी विचारलं तर म्हटलं गुरं घासून गेली असतील.

संध्याकाळी बुवा आले. आता बुवांना आनंद व्हायला हवा ना, विरुद्ध बाजू साफ. तर ते उभेच राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. म्हणाले हिराबाई, माझी बाजू एकटीच उभी आहे, बरी दिसत नाही. मी त्यांनाही गुरांचंच सांगितलं. म्हणाले गुरं फक्त एकाच अर्ध्याला घासतात होय? मला रडू फुटलं. तिथंच पायरीवर बसून सगळं सांगितलं, नंदाचं, माळेचं, फडक्याचं. मला वाटलं बुवा म्हणतील, केलंस ते बरं केलंस, देवाची बाजू राखलीस. ते म्हणाले, माझा देव एवढा नाजूक नाही की ओल्या फडक्यानं त्याला वाचवावं लागेल. खडू घ्या. जे पुसलंत ते लिहा.

चौथी शिकलेली मी, सुविचारसुद्धा कधी लिहिला नव्हता. पण लिहिलं. आणि लिहिताना काय होतं माहीत आहे का, वाचताना राग येतो, लिहिताना एकेक अक्षर हातातून जातं, घाई करता येत नाही. डोळे पिवळे दिसले तर, इतकं लिहिलं आणि हात थांबला. ते हसणं नव्हतं हो. ते माझ्याच पोरीसाठी लिहिलेलं होतं. पदराखालून माळ काढली, खिळ्याला परत लावली, तर खुणेच्या आणखी खाली. बुवांनी थरथरत्या हातानं आपल्या बाजूची एक ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, माळ गळ्यात असू द्या, पण पोराला आधी दवाखान्यात न्या.

तशीच घरी गेले. सासू म्हणाली माळ पोटापर्यंत आल्याय, आता कशाला नेतेस? म्हटलं माळ नाय काढत आई, माळेसकट नेतेय. तशी म्हातारी शाल घेऊन स्वतः रिक्षात बसली. दवाखान्यात डॉक्टरीण बाई होती, तिनं पोट दाबलं, डोळे पाहिले, मला म्हणाली आणखी थांबला असतात तर अवघड होतं. माळेला तिनं हात लावला नाही, फक्त बाजूला सारली. बारा दिवस नंदा तिथं होती. तेराव्या दिवशी तिनं भात मागितला आणि मी पदरात तोंड घालून रडले. कशानं बरी झाली म्हणाल, तर मी म्हणते औषधानं. सासू मरेपर्यंत म्हणायची माळेनं. मी तिच्याशी कधी भांडले नाही, पण उकळलेलंच पाणी पिणार हे तिच्याकडून देवीपुढं वदवून घेतलं.

मास्तरांना ते फळ्यावरचं वाकडंतिकडं अक्षर बघून कळलंच की हे आपलं नव्हे. त्यांनाही सांगितलं मी, पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागं सरले, त्यांना ते आवडायचं नाही. म्हणाले, खिळ्यावर माळ लावताना कोणाच्या घरात ती गळ्यात असेल हे माझ्या मनातही आलं नाही. आणि बुवांकडे वळून म्हणाले, यापुढं माझं तुम्ही लिहा, तुमचं मी लिहितो. बुवा म्हणाले, माझा हात थरथरतो मास्तर. मास्तर म्हणाले, थरथरू दे.

तेव्हापासून ही रीत पडली. आपलं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. पुढं दुसरे लोक वाद घालायला आले त्यांनाही मी हेच लावलं, कोणी कुरकुरलं तर म्हटलं खडू माझ्याकडं आहे. एकदा मास्तरांनी रागात सांगितलं, लिहा, देवळात जाणारे अडाणी. बुवा लिहायला लागले. अ काढला, हात थरथरतोय, ड ला आले, खडू मोडला, दुसरा घेतला. मास्तर बघत राहिले. म्हणाले राहू द्या बुवा, तो शब्द पुसा, मला एवढंच म्हणायचंय की ते मला पटत नाहीत. बुवा म्हणाले तुमच्या शब्दाला मी फडकं लावणार नाही, तुम्हीच पुसा. आणि मास्तरांनी आपल्या बोटानं पुसला. देव आहे का नाही हे त्या फळ्यावर कधी ठरलं नाही. ठरायला कशाला हवं? माणसं रोज यायची.

आता बुवा नाहीत, मास्तर मुलाकडे पुण्याला असतात. फळा आहे, पण आता त्यावर क्लासच्या जाहिराती. मला वाईट वाटायचं. तर नंदा, आता डोंबिवलीला असते, कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागल्येय, ती मागच्या रविवारी आली आणि सांगायला लागली की आई, त्या इंटरनेटवर एक जागा आहे, कुठली कुठली मराठी माणसं तिथं देव आहे की नाही यावर लिहितात, आणि अशा शिव्या देतात की बघवत नाही. आमच्या दुकानाच्या शेठनं ती जागा सांभाळायला माझ्याकडं दिलीय, मी कोणाचं पुसू, देव मानणाऱ्यांचं की न मानणाऱ्यांचं? मनाला वाटतं एका बाजूचं पुसलं की शांत होईल.

मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं नाही. तिला पाणी दिलं, समोर बसवलं आणि म्हटलं, मी एकदाच पुसलं होतं बाळा, आणि तेवढ्यानं तू हातची जायची वेळ आलेली. मग सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली, ज्या हातानं पुसलं तोच.

काल तिचा शेजारणीकडे फोन आला. म्हणाली आई, मी तिथं नियम लावलाय, आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं, तो हो म्हणाला की मगच आपलं. दोघं भांडून निघून गेले, पण पाच जण लिहितायत. मी म्हटलं पाच पुष्कळ झाले गो, आमच्याकडं दोघांनी सुरुवात केलेली. एकवीरा आई तुझ्या हाताला यश देवो. आणि न मानणाऱ्यांनाही देवो, त्यांना सांगू नकोस म्हणजे झालं.