कोरडा पॉलिश पेपर

२०२४ चा वैशाख होता. माझी सून पॉलिमर क्लेची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक करायच्या रंगीत मातीची कर्णफुलं बनवते. अंबडच्या एका लग्नासाठी तिनं चोवीस जोड भाजून ठेवले होते. त्यांच्यावर बोटांचे ठसे राहिले होते. मी जन्माचा सुतार. म्हटलं, "आण इकडं, गुळगुळीत करतो."

"मामा, बारीक पॉलिश पेपर घ्या, अन् पाण्यात बुडवून घासा. हे तुमचं सागवान न्हाई."

"चाळीस वर्षं घासून राह्यलो. घासताना पाणी लावतं का कुणी?"

लाकूड घासायचाच जाड पेपर घेतला आणि कोरडंच घासलं. फुलाफुलावर पांढरे ओरखडे उठले, पाकळ्या सपाट झाल्या.

सून तिच्या आईला फोनवर म्हणाली, "सासरे शिकलेले असते तर ऐकलं तरी असतं." मी दारातच उभा होतो.

तिनं पुन्हा चोवीस जोड केले. मी परातीत पाणी घेऊन बसलो.

"मामा, राहू द्या आता."

"दे इकडं. बिघडवले तेवढे भरून देतो."

दोन दिवस ओल्या, बारीक पेपरानं घासलं. चोविसावा जोड तिच्या हातात दिला, धोतराला हात पुसले आणि उठलो.